विकलेली जुनी फियाट आज कुठे आहे, ते कसं शोधायचं

आधी माळ्यावर चढा, मोबाइल नंतर. तरुणपणी विकलेली गाडी शोधायची लहर आली की बहुतेक लोक अ‍ॅपमध्ये जुना नंबर टाकतात, ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ असं आलं की गाडी भंगारात गेली असं धरून चालतात आणि विषय मिटवतात. मी आयुष्यभर मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. सांगली, मिरज, कवठेमहांकाळ, जत, खाली अथणी-विजापूरपर्यंत ठोकरलेल्या, उलटलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या बघत हिंडलो. त्या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते. नंबरप्लेट म्हणजे गाडी नव्हे, प्लेट दोन स्क्रूंवर बसलेली असते. गाडी म्हणजे चेसिस नंबर, तिच्या सांगाड्यावर ठोकलेला. तो खिशात असेल तरच घराबाहेर पडा.

माझी होती प्रीमियर पद्मिनी, 1976 ची. तिला पद्मिनी असं कुणीच म्हणायचं नाही, सगळे फियाटच म्हणायचे. मिरजेच्या एका डॉक्टरांकडून 1985 मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग सीट, दाराला ती तिकोनी काच. 1992 मध्ये मारुती 800 साठी विकली. नोकरीधंद्यातून मोकळा झाल्यावर ती शोधायला लागलो. पुढे जे लिहितोय ते फियाट धरून लिहितोय, पण अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा पहिल्या खेपेची मारुती असली तरी रीत हीच.

माळ्यावरचे कागद

आरसी-टीसी बुक तुमच्याकडे नसणार, ते गाडीबरोबर गेलं. मागे राहतात ते दुसरे कागद. विम्याची पॉलिसी, किंवा एजंटाने हाताने लिहून दिलेली कव्हर नोट. कर्ज काढलं असेल तर बँकेची फाइल. विकताना स्टॅम्पपेपरवर केलेली सौदापावती. गॅरेजची बिलं. पॉलिसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही असतात, म्हणून आधी ती शोधा. 1973 पासून साधारण 2000 पर्यंत देशात मोटारीचा विमा उतरवणाऱ्या मुख्य कंपन्या चारच होत्या आणि चारही सरकारी : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. यातल्या एखाद्या नावाचा लांबट लिफाफा दिसला की बाकीची रद्दी बाजूला ठेवा. कंपनीच्या कार्यालयात जाऊन 1988 ची पॉलिसी मागण्यात मात्र हशील नाही. एवढ्या जुन्या फाइली कुणी जपत नाही.

तुम्ही किंवा तुमचे वडील डॉक्टर, वकील, व्यापारी असाल तर आणखी एक जागा आहे. धंद्याच्या हिशेबात गाडीवर घसारा दाखवलेला असतो, आणि त्यासाठी गाडीच्या खरेदीचे कागद फाइलला लावलेले असतात. माझ्या गाडीची 1976 ची मूळ माहिती मला अशाच फाइलीतून मिळाली. डॉक्टर वारले होते, पण त्यांच्या वहिनींनी दवाखान्याची एकही फाइल रद्दीत घातली नव्हती.

हाताने लिहिलेल्या आकड्यांवर एकदम विश्वास ठेवू नका. कार्बनच्या प्रतीत एक आणि सात सारखेच दिसतात, तीन आणि आठसुद्धा. दोन कागद मिळाले तर एकमेकांशी ताडून बघा, आणि ज्या आकड्याबद्दल शंका आहे त्याखाली रेघ मारून ठेवा.

पेन्सिल प्रिंट मिळाली तर मात्र काम फत्ते. चेसिसवर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आणि उमटलेली पट्टी अर्जाला चिकटवायची, ही आरटीओची जुनी पद्धत. एनओसीच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या कार्यालयाकडे न्यायच्या ना-हरकतीच्या, आणि ट्रान्सफरच्या कागदांवर ती असते. त्यात नुसता नंबर नसतो, ठशांची ठेवण असते. कुठला आकडा जरा वर बसलाय, कुठल्याचा पाय उमटलेला नाही, हे सगळं दिसतं. नुसता नंबर कुणीही सांगेल, पण ठसे तिथल्या पत्र्यावरूनच घ्यावे लागतात. याचा उपयोग पुढे येईल.

आमच्या नदीकाठच्या लोकांची एक वेगळी पंचाईत आहे. 2005 आणि 2019 च्या महापुरांत कृष्णेने कितीतरी घरांचे कागद नेले. तुमचे गेले असतील तर ज्याच्याकडून गाडी घेतली आणि ज्याला विकली, त्या दोघांची घरं गाठा. एक तरी उंचावर राहत असेल.

कागद चाळताना फोटोही काढून ठेवा. लग्नातला, सहलीतला, पोरगं बॉनेटवर बसवलेला. नंबर दिसला तर उत्तम, नाही दिसला तरी फोटो लागणारच आहे. परक्या माणसाच्या दारात उभं राहिल्यावर तोंडच्या दहा वाक्यांपेक्षा तो एक फोटो जास्त बोलतो.

जुना नंबर आणि अ‍ॅप

1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि त्यानंतर एमएच-09, एमएच-10, एमएच-12 असे नंबर आले. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे चारपर्यंत आकडे असत. त्याहून जुन्या, मुंबई राज्याच्या काळातल्या गाड्यांना ‘बी’पासून. गोव्याच्या गाड्यांना ‘जीडी’. गाडी राज्यातच राहिली असेल तर तोच जुना नंबर आजही तिच्यावर असू शकतो. नवी मालिका आली म्हणून जुने नंबर बदलले नाहीत.

परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर मोबाइल नंबरने खातं उघडा आणि जुना नंबर सलग टाइप करा, मध्ये रेघ नको, जागा नको. नोंद असेल तर कुठल्या कार्यालयाची गाडी, नोंदणीची तारीख, इंधन, फिटनेस, विमा कधीपर्यंत, एवढं दिसतं. मालकाचं नाव अर्धवट, मध्ये फुल्या मारलेलं येतं. ते तसंच बरं आहे. उद्या तुमच्या दारातल्या गाडीचा नंबर टाकून कुणीही तुमच्या नावापर्यंत पोचलं तर तुम्हाला आवडेल का?

‘विमा कधीपर्यंत’ ही ओळ बहुतेक जण बघतच नाहीत. तीच बघा. गेल्या दोन-चार वर्षांतली तारीख दिसली तर गाडी जिवंत आहे आणि कुणीतरी तिच्यावर पैसे घालतंय. स्थितीच्या ओळीत एनओसी दिल्याचं दिसलं तर ती दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या कार्यालयाकडे गेली. रद्द असं दिसलं तर नोंदणी संपली. मोटार संपली असं नाही, पण आशा कमी.

आणि काहीच दिसलं नाही तर? जुन्या रजिस्टरांतल्या सगळ्या नोंदी संगणकावर चढलेल्या नाहीत. गाडीचं काही काम निघालं, नूतनीकरण म्हणा, ट्रान्सफर म्हणा, की मालक कागद घेऊन जातो आणि मग तिची नोंद चढवली जाते. त्याला कार्यालयात बॅकलॉग म्हणतात. तेव्हा नोंद नसणं म्हणजे 15-20 वर्षांत ती गाडी आरटीओकडे कामाला गेलेली नाही, एवढंच. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीलाही हेच लागू होतं. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची सक्ती 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना झाल्यापासून बऱ्याच झोपलेल्या गाड्यांचे मालक आरटीओच्या रांगेत उभे राहिले, त्यामुळे पूर्वी न मिळालेली नोंद आता परत एकदा बघायला हरकत नाही.

गाडी अजून तुमच्याच नावावर तर नाही ना

हौस बाजूला ठेवून हे आधी तपासा. त्या काळी गाडी विकायची म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून, तारीख न घालता, कोरे कागद घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. तो पुढच्याला देई, पुढचा त्याच्या पुढच्याला. तीन मालक बदलले तरी रजिस्टरात तुमचं नाव तसंच. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं. कोण कळवत होतं?

मी कामात असताना अशी प्रकरणं नेहमी यायची. अपघात होई, नोटीस जाई ती दहा वर्षांपूर्वी गाडी विकलेल्या माणसाला. रजिस्टरात ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलं आहे. तुमचं नाव अजून असेल तर शोध ही हौस राहत नाही, ते कामच होतं. अशा वेळी सौदापावती घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या, आणि ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीवर काही दंड बाकी आहेत का तेही बघा. चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे काही आकडे तिथे लागतात, ते तुम्ही माळ्यावरून आणलेच आहेत.

नाव तुमचं नसेल तर आरटीओकडून आजच्या मालकाचा पत्ता मिळेल ही अपेक्षा सोडा. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तरी दुसऱ्याचं नाव-पत्ता खाजगी माहिती म्हणून नाकारतात. तुमच्याकडून गाडी कुणाच्या नावावर, कधी गेली, हे माजी मालक म्हणून विचारून बघता येतं, आणि कारकून चांगला भेटला तर एनओसी कुठल्या कार्यालयाच्या नावाने गेली तेही कळतं. जिल्ह्याचं कार्यालय नंतर वेगळं झालं असेल तर जुनी रजिस्टरं मूळ कार्यालयात राहिली की नव्यात आली, हे आधी विचारा. नाहीतर चुकीच्या खिडकीपुढे दिवस जातो.

माणसांची साखळी

इथून पुढे सगळा शोध पायी. ज्याला विकली त्याच्यापासून सुरुवात करा आणि एकेक कडी पकडत पुढे जा. मधली कडी गाळू नका. ‘कुणीतरी सोलापूरकडे नेली म्हणे’ असल्या ऐकीव माहितीवर सोलापूर गाठलं तर हाती काही लागत नाही.

मी विकली होती सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत्याला. शेठ आता ऐंशीच्या पुढचे. मी नंबर सांगितला, त्यांना आठवेना. मग म्हणालो, आकड्यांची बेरीज नऊ होती बघा. लगेच डोळे चमकले. ‘नऊची गाडी! म्हणून तर घेतली होती.’ हे लक्षात ठेवा. लोकांना नंबर आठवत नाही, बेरीज आठवते. रंग आठवत नाही, पण कुणाच्या लग्नात नवरदेव तिच्यातून गेला ते आठवतं. आडून विचारा. गाडी कधी विकली असं विचारलं तर उत्तर येतं, ‘झाली की बरीच वर्षं.’ थोरल्या मुलीच्या लग्नाआधी की नंतर, असं विचारलं की साल मिळतं.

शेठनी ती जतकडच्या एका रस्त्याच्या कंत्राटदाराला दिली होती. फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न : ‘कुठली केस निघाली काय आता तिच्यावर?’ हा प्रश्न तुम्हालाही येणार, खात्रीने. जुन्या गाडीची चौकशी करणारा अनोळखी माणूस म्हणजे पोलीस, बँकेचा वसुलीवाला नाहीतर कोर्टाचा माणूस, असंच वाटतं. म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा : माझी जुनी गाडी, तरुणपणी वापरलेली, आज कशी आहे एवढंच बघायचंय, विकत मागायला आलो नाही, कागदांशी माझा संबंध नाही. आणि लगेच तो जुना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मी सर्व्हेअर होतो हे मी कधीच आधी सांगत नाही. सर्व्हेअर म्हटलं की लोकांना नामंजूर झालेला क्लेम आठवतो.

विकत घ्यायची इच्छा असली तरी ती पहिल्या भेटीत बोलू नका. बोललात की दोन गोष्टी होतात. एक, किंमत चढते. दोन, मधली माणसं दलाल होतात आणि पुढची कडी सांगायचे पैसे मागतात.

कंत्राटदाराने सीमेपलीकडे, कर्नाटकात अथणी भागात विकली होती. कुणाला, ते आठवत नव्हतं. तिथे साखळी तुटली. अशी ती प्रत्येकाची कुठेतरी तुटतेच. आता काय करायचं?

मिस्त्री गाठायचा. त्या गावात ‘जुनी फियाट कुणाकडे आहे’ असं विचारत फिरू नका. ‘फियाटचं काम कोण करतं’ असं विचारा. आज कुठल्याही तालुक्याच्या गावी पद्मिनीला हात लावणारा एखाद-दुसराच मिस्त्री उरलाय. नवी पोरं लॅपटॉप लावून गाडी बघणारी, त्यांना किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा, ठाऊक नाही. त्यामुळे पंचक्रोशीतली प्रत्येक चालती फियाट त्या एका म्हाताऱ्याच्या हाताखालून गेलेली असते. मिस्त्री माणसाला नावाने ओळखत नाही, गाडीच्या दुखण्याने ओळखतो. मी अथणीच्या मिस्त्रीला मालक विचारलाच नाही. सांगितलं की ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून जाड पत्रा वेल्डिंग केलेली, डॅशबोर्डवर पंख्यासाठी तीन भोकं पाडलेली, आणि डावीकडचं मागचं दार उचलून लावावं लागतं अशी गाडी. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, ‘गुरुजींची.’

तेव्हा मिस्त्रीकडे जाण्याआधी आपल्या गाडीच्या खोडी आठवून लिहून काढा. घरातल्यांना विचारा. बायकोला आणि भावाला आपल्यापेक्षा जास्त आठवतं, कारण चालवत आपण होतो आणि धक्का ते मारत होते.

मिस्त्री सापडला नाही तर सुट्या भागांचे दुकानदार. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, आमच्याकडे कोल्हापूरचं उद्यमनगर, जिथे न मिळणारा भाग लेथवर करून मिळतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर भागांना तोटा नव्हता. शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली आणि आता हे दुकानदार नेहमीचं गिऱ्हाईक चेहऱ्याने ओळखतात. चित्रीकरणाला जुन्या गाड्या भाड्याने देणारे आणि जुन्या मोटारींचे क्लब यांनाही विचारावं, विशेषतः गाडी मुंबई-पुण्याकडे गेली असेल तर. पण क्लबात सजवलेल्या गाड्या येतात. साधी वापरातली फियाट तिथे क्वचितच असते.

फेसबुकवरच्या गटांचा उपयोग होतो, नाही असं नाही. तिथे जुना फोटो टाका, रंग टाका, गाव टाका. चेसिस नंबर टाकू नका. टाकलात की दोन दिवसांत कुणीतरी ‘सापडली’ म्हणून तोच नंबर तुम्हालाच वाचून दाखवणार आणि बघायला येण्याआधी टोकन म्हणून पैसे मागणार. ज्याला खरंच सापडली असेल त्याला पेन्सिल प्रिंट घेऊन फोटो पाठवायला सांगा. घरात बसून ती करता येत नाही.

हीच का ती?

बॉनेट उघडा. पद्मिनीची कंपनीची पट्टी आणि चेसिस नंबर इंजिनच्या मागच्या आडव्या पत्र्यावर असतो. चिंधीला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून पुसा, खरवडू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर वेगळा असतो. दोन्ही तुमच्या कागदाशी जुळले तर नशीब थोर. बहुतेक वेळा चेसिस जुळतो आणि इंजिन जुळत नाही. पेट्रोल महागलं तसं अ‍ॅम्बेसेडर-फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाटच आली होती. कुणी ते आरसीवर चढवून घेतलं, कुणी नाही. तुमचं इंजिन निघून तिसऱ्याच गाडीत गेलेलं असू शकतं. तेव्हा कागदावर गाडी कुठली असं विचाराल तर जिचा चेसिस नंबर जुळतो ती. मनाने कुठली, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर चेसिस जुळला की बास.

चेसिसच्या जागी नवा पत्रा वेल्ड केलेला दिसला, ठसे वेगळ्या मापाचे दिसले, आजूबाजूचा रंग ताजा असला, तर तिथून हसतमुखाने निघा. दोन गाड्यांची एक केलेली असते, कधी चोरीचीही. पेन्सिल प्रिंट घेऊन आपल्या जुन्या प्रिंटशेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

मूळ रंग बघायचा तर बाहेर बघू नका. चार वेळा लांबी (पुट्टी) भरून रंगवलेल्या गाडीवर बाहेर काहीच उरलेलं नसतं. मागची सीट उचला, दाराच्या आतलं रेक्झिन जरा ओढा, डिकीत स्टेपनीखाली बघा. माझी मूळची फिकट निळी. गुरुजींच्या शेडमध्ये ती पांढरी होती, नंबर केए-23, पण सीटखाली निळा तसाच.

नंबर बदलला याचं नवल वाटायला नको. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणून जुन्या नंबरावर शोधणाऱ्यांना सीमेपलीकडे गेलेली गाडी कधीच सापडत नाही.

तिचा शेवट झालाय असंही कळू शकतं. गाडी दिल्लीकडे गेली असेल तर आशा फार धरू नका, तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या 2014-15 च्या आदेशांनी संक्रांत आणली. इकडे भंगारात गेली असेल तर भंगारवाल्याला विचारा की इंजिन, दारं, स्टिअरिंग कुणी नेलं. फियाटचे भाग कुणी वितळवायला देत नव्हतं, टॅक्सीवाले घेऊन जात.

घ्यायचीच असेल तर

गुरुजींची गाडी मी मागितली नाही. त्यांचा मुलगा रविवारी बाजाराला काढतो, नातवंडं मागे बसतात, माणसं तिला जपतात. पण तुमचा मालक राजी असेल तर हिशेब आधी करा, भावना नंतर.

परराज्यातून आणायची तर तिथल्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मग इथे पुन्हा नोंदणी आणि कर. त्या एनओसीसाठी तिथला कर, दंड, बँकेचा बोजा सगळं निल पाहिजे. आरसीवर जुन्या बँकेचं नाव राहिलेलं असतं, कर्ज 1980 मध्येच फिटलेलं असलं तरी. ते काढायला फॉर्म 35 लागतो आणि त्यावर बँकेचा शिक्का. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत खेटे घालायची तयारी ठेवा. हे काम विकणाऱ्यानेच करून द्यावं असं सौद्यात लिहून घ्या.

15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. मोटारीला त्याची फी 2022 च्या एप्रिलपासून पाच हजार झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात.

गाडी पन्नाशीची असेल तर दुसरी वाट आहे. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खाजगी वापराची, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार, पुढे नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोज भाजी आणायला नाही. 1976 च्या गाड्यांची पन्नाशी 2026 मध्ये भरते. डिझेल इंजिन बसवलेली असेल तर हा रस्ता बंद धरा.

पैसे देण्याआधी विमा काढा, निदान थर्ड पार्टी. आणि कितीही मोह झाला तरी गाडी स्वतः चालवत घरी आणू नका. बाहेरून टायर बरे दिसतात, आत दोरा कुजलेला असतो. ब्रेकचे रबरही तसेच. पुढचे किंगपिन झिजलेले असतील तर चाळीसच्या वर गेल्यावर स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. फ्लॅटबेड मिळाला तर त्यावर चढवा. नाहीच मिळाला आणि टोइंगवाला एक बाजू उचलून नेणार असेल तर त्याला मागची चाकं उचलायला सांगा. हल्लीची पोरं सवयीने पुढची उचलतात, आणि फियाट ओढते मागच्या चाकांवर.